शी इज नॉट होम

हे प्रकरण मी रागातच लिहायला घेतलं आहे, आणि राग उतरायची वाट बघणार नाही. मुलगा म्हणाला, आई, थोडी शांत होऊन लिही, वाचणाऱ्याला बरं वाटेल. वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मी लिहीतच नाहीये. इंग्रजीत रागवायला बसले की माझ्या तोंडी आधी सॉरी येतं, मग ॲक्चुअली येतं, आणि राग राहतो बाजूला. शाळा, नोकरी, गिऱ्हाइकं, सगळं आयुष्यभर इंग्रजीत केलं, पण भांडायचं म्हटलं की मला आईचीच भाषा लागते. तीही काही आयती मिळाली नव्हती. 'तो खुर्ची' आणि 'ती पंखा' म्हणत वाढलेली लंडनजवळच्या स्लाऊची पोर मी. आईने रोज जेवायला बसलं की माझा एकेक शब्द घासूनपुसून घेतला, चुकलं की पोळी हातातच धरून ठेवायची, बरोबर म्हटल्यावर पानात टाकायची. आता या वयात ते कामाला येतंय.

आमचं घर ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्या-गोदामांच्या वसाहतीच्या, पाठीला होतं. खिडकी उघडली की मागे सरकणाऱ्या लॉऱ्यांचं पीं-पीं चालू, आणि डोक्यावरून हीथ्रोची विमानं. विमान इतकं खालून जायचं की बोलणं थांबवायलाच लागायचं. त्यामुळे वाक्य अर्धवट सोडायचं आणि विमान गेलं की तिथूनच उचलायचं, ही आमच्या घरात सगळ्यांची सवय. लंडनच्या पिनरहून पाहुणे आले की त्यांना वाटायचं, ही मंडळी फार विचार करून बोलतात. आई हॉस्पिटलात रक्त काढायच्या कामाला होती. सुई टोचायच्या आधी प्रत्येकाला 'स्मॉल स्क्रॅच, डिअर' म्हणायचं, हे तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की कौन्सिलच्या माणसाला, गॅसवाल्याला, फोनवर कुणाही परक्याला ती डिअर म्हणायची. बाबा आईच्या मागून या देशात आले. साताऱ्याला बँकेत होते, इथे येऊन बस चालवायला लागले, आणि बँकेपेक्षा बस बरी म्हणायचे, कारण बसमध्ये साहेब मागे बसत नाही. आवाज मोठा, जीभ तिखट, आणि थट्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते तेव्हा बाबांच्या किडन्या गेल्या. 'गेल्या' हा त्यांचाच शब्द, जणू त्यांची बस चुकवून निघून गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि आमच्या घराचं स्वयंपाकघर बदललं. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, उकडायचा, तेही पाणी फेकायचं, मग उरलेल्या त्या बिचाऱ्या बटाट्याची भाजी. आमटीत टोमॅटो नाही, खोबरं नाही. केळी घरात आणायची बंदी. पाणी दिवसाला बेताचं, त्यात चहा आणि आमटीही धरायची. बाबा बर्फाचा खडा गालात ठेवून टीव्हीसमोर बसायचे आणि जाहिरातीत कुणी गटागटा पाणी प्यायलं की त्याला शिव्या घालायचे. 'पी लेका, पी, फुकट आहे तुझ्या बापाचं,' असं म्हणत चॅनल बदलायचे. आम्ही हसायचो. हसू येत होतं म्हणूनच आम्ही सगळे त्यातून निभावलो, असं मला अजून वाटतं.

त्यांना डायलिसिस युनिटला न्यायचं काम माझं. हॉस्पिटलची गाडी असायची, पण ती यायची तेव्हा यायची, आणि आईच्या शिफ्ट्स पहाटेच्या. मी सतराव्या वर्षी लायसन्स काढलं ते त्यासाठी. बाबांच्या गोळ्यांचा डबाही मीच भरायची. कुठली जेवणाआधी, कुठली जेवणाबरोबर चावून, कुठली डायलिसिसच्या दिवशी मुळीच नाही, हे शिकता शिकता मला त्यात गोडी लागली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मी शनिवारी काम करायची, तिथला फार्मसिस्ट मला एकेक औषध समजावून सांगायचा. एकदा त्याने डॉक्टरने लिहून दिलेली एक गोळी बाबांना द्यायची नाही म्हणून थेट सर्जरीला, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन केला, आणि त्याचं बरोबर निघालं. त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं की मी फार्मसी करणार. बाबा म्हणाले, 'वा, म्हणजे औषधं घरपोच.' आईने माझं ताट आधी वाढलं. आमच्याकडे तो मोठा मान होता.

आता घरी राहून, बाबांना सांभाळून जाता येईल असं फार्मसी शिकवणारं विद्यापीठ एकच होतं. नाव लिहीत नाही, ते अजून आहे आणि त्यांच्याकडे वकीलही असतील. तिथे जाणारी मुलगी आमच्या घरातच राहत होती. सायली, संगमनेरची. आमच्या वरच्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये भाड्याने, पण पहिल्या आठवड्यातच आईच्या हातचं जेवायला लागली आणि भाडेकरू राहिली नाही. तिथे मास्टर्स करत होती आणि उरल्या वेळात इस्टेटमधल्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी भरायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. माझं मराठी ऐकून ती मला 'मुक्ताबाई इंग्लंडकर' म्हणायची, ती 'स्लाऊ' या शब्दाचा जो उच्चार करायची त्यावरून मी तिला छेडायची, आणि बाबांसाठी तिने बिनटोमॅटोचा, बिनखोबऱ्याचा एक झणझणीत रस्सा शोधून काढला होता, त्यावर बाबा जीव टाकायचे. 'सायलीबाई, तुम्ही नसता तर मी या बायकांच्या हातचा बटाटा खाऊन मेलो असतो,' म्हणायचे.

निकालाच्या सकाळी स्क्रीनवर माझा एक ए ग्रेड कमी पडला. दोन हवे होते, मिळाला एक. बायोलॉजी दगा देऊन गेली. त्याखाली विद्यापीठाचा निरोप होता, तुमचा अर्ज यशस्वी झालेला नाही. आता इथे निकालाच्या दिवशी उरलेल्या जागा फोनवर वाटतात, त्याला क्लिअरिंग म्हणतात. नाव दुकानातला उरलासुरला माल काढून टाकावा तसं, आणि वागणूकही तशीच. पण पुष्कळ मुलांना त्यात जागा मिळते, एका ग्रेडने कुणी अडत नाही, असं शाळेत सांगितलेलं. मी त्यांच्याच नंबरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने माझा आयडी नंबर टाइप केला आणि म्हणाला, आय ॲम अफ्रेड दॅट कोर्स इज फुल. फुल. मी थँक यू म्हटलं. काय करणार, फुल म्हणजे फुल. बाबांना त्या दिवशी युनिटला जायचं होतं, त्यांना सोडलं, आणि तिथून शाळेत गेले.

शाळेत केमिस्ट्रीच्या मिसेस ओवेन माझ्यासाठी थांबल्या होत्या. आम्ही दोघींनी बसून फोन लावले. कितीतरी वेळाने उत्तरेकडच्या एका विद्यापीठाने हो म्हटलं. दूर, ट्रेनने अर्धा दिवस. म्हणजे घर सोडायचं, बाबांची ने-आण कोण करणार हे नंतर बघायचं. ते म्हणाले, दुपारपर्यंत सांगा, मागे रांग आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईचा फोन आला.

त्या फोनआधी आईने काय केलं होतं ते तिने मला पुढे इतक्यांदा सांगितलं की मी तिथे असल्यासारखं मला पाठ आहे. 'फुल' या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. 'मी रोज बघते,' ती म्हणायची, 'क्लिनिक फुल आहे म्हणतात तेव्हा कधीच फुल नसतं. नीट विचारलं की एक खुर्ची निघते.' माझ्या वतीने बोलायची परवानगी मी अर्जातच तिच्या नावाने दिली होती. तिने सुट्टी काढली होतीच. हात धुऊन, चष्मा लावून तिने त्याच नंबरला फोन केला. या वेळी एक मुलगी होती, एकदम लाघवी. आईने माझं नाव सांगितलं, कोर्स सांगितला, ग्रेड सांगितले. आयडी नंबर तिला सापडेना. मुलगी म्हणाली, काही हरकत नाही, ती स्वतः फोन करेल तेव्हा देऊ दे. मग तिने विचारलं, 'ॲण्ड इज शी होम?'

आई म्हणाली, 'नो नो डिअर, शी इज नॉट होम.'

मी शाळेत गेले होते ना. आईच्या हिशोबाने तिला विचारलं होतं, मुलगी घरी आहे का, आणि तिने खरं ते सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, 'नॉट होम. लव्हली.' आईला क्षणभर वाटलं की मुलगी घरी नाही यात लव्हली काय आहे, पण ही माणसं कशालाही लव्हली म्हणतात, म्हणून तिने सोडून दिलं. मग मुलगी म्हणाली की या ग्रेडवर आम्ही नक्की ऑफर देऊ शकतो, मी तिच्यासाठी जागा धरून ठेवते, हा रेफरन्स घ्या, आज संध्याकाळच्या आत तिला फोन करायला सांगा, आणि वी आर सो एक्सायटेड टू वेलकम हर. आईने तो रेफरन्स किराणाच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतला आणि तीनदा वाचून दाखवला. 'थँक यू डिअर, गॉड ब्लेस यू,' म्हणून फोन ठेवला.

मला फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, 'मुक्ते, मी खुर्ची काढली.' आणि रडायला लागली. आईला रडताना मी फार कमी ऐकलंय. मी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये खाली बसले. मिसेस ओवेन म्हणाल्या, तुझी आई म्हणजे कमाल आहे, आणि मग त्या म्हणाल्या की उत्तरेच्या लोकांना आत्ताच कळवून टाक, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी असेल. ते योग्यच होतं. मी त्यांना फोन करून नको म्हटलं, अगदी नम्रपणे, आणि त्यांनीही मला शुभेच्छा दिल्या.

घरी आले तर साजूक तुपाचा वास रस्त्यापर्यंत. आईने शिरा केला होता, बाबांमुळे केळ्याशिवाय, आणि वेलदोडा मात्र सढळ हाताने. सायली कामावरून लवकर आली होती. बाबा युनिटवरून आले की डायलिसिसनंतर पांढरेफटक असायचे, सरळ आडवे व्हायचे, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. म्हणाले, 'तुझ्या आईने त्या विद्यापीठाला पण सुई टोचली बघ, कळलंसुद्धा नाही त्यांना.' शिरा खायच्या आधी फोन करून टाक, असं आईचं म्हणणं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

तीच लाघवी मुलगी मिळाली. रेफरन्स दिला, तिने 'हाय मुक्ता, काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं. आईने माझा दंड धरला. मग तिने आयडी नंबर मागितला, मी सांगितला, तिने टाइप केला. तेवढ्यात वरून एक विमान गेलं, आम्ही सवयीने सगळे थांबलो, आणि विमान गेल्यावरही पलीकडून आवाज येईना.

'इट सेज हिअर यू आर होम,' ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, मी इथलीच, स्लाऊची.

'ओह. ओह, आय ॲम सो सॉरी. तुमच्या आई म्हणाल्या नॉट होम. मी ते ओव्हरसीजमध्ये घातलं. होमच्या जागा भरल्यात.'

मी तिला विचारलं, मग ओव्हरसीजच्या? ती म्हणाली, त्या आहेत. मी विचारलं, कोर्स तोच ना? तोच. ग्रेड तेच? हो. वर्गही तोच? ती बिचारी म्हणाली, मी फक्त फोनवर असते हो. तिचा आवाज कापत होता आणि मला त्याची मुळीच दया आली नाही, आजही येत नाही.

न कळणाऱ्यांसाठी सांगते. इथल्या विद्यापीठांच्या बोलीत विद्यार्थ्यांच्या दोन जाती. होम म्हणजे इथला, त्याची फी सरकारने बांधून दिलेली. ओव्हरसीज म्हणजे बाहेरचा, त्याच्याकडून मागाल ती फी. इथली सगळी मुलं हे कुठेतरी ऐकून असतात, मीही होते. पण सकाळी मला जे 'फुल' म्हणाले त्याचा अर्थ 'तुझ्यासाठी फुल' असा होता, हे त्या स्वयंपाकघरात, शिऱ्याच्या ताटल्यांपुढे मला पहिल्यांदा कळलं. ज्या देशात बसस्टॉपवर दारू प्यायलेला कुणीही उठून माझ्या बापाला 'गो होम' म्हणून गेलाय, त्या देशाने आयुष्यात पहिल्यांदा मला ठासून सांगितलं की तू होम आहेस, आणि सांगितलं ते दार लावून घेताना.

आई फोनकडे वाकली. तिला वाटत होतं आपलं चुकलं, आपल्या इंग्रजीने घोटाळा केला. ती म्हणाली, 'डिअर, प्लीज, यू मेक हर नॉट होम. लाइक बिफोर.' पलीकडून ती मुलगी म्हणाली, तसं करता येत नाही, तिचा जन्म इथला आहे. मग बाबांनी उजव्या हाताने फोन स्वतःकडे ओढला. 'मॅडम,' ते म्हणाले, 'आय वॉज ड्रायव्हिंग बस फॉर ट्वेल्व्ह इयर्स. बस फुल म्हणजे फुल. तिकीट महाग घेणारा आला म्हणून बसमध्ये सीट उगवत नाही. यू टेल मी, देअर इज सीट ऑर नो सीट?' मधलं मराठी तिला काय कळलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, आय अंडरस्टॅण्ड युवर फ्रस्ट्रेशन. बाबांनी फोन बंद केला.

मी धावत वर जाऊन उत्तरेच्या विद्यापीठाला फोन लावला. ती जागा गेली होती. अर्थातच गेली होती, मीच दिली होती.

खाली आले तेव्हा बाबा सायलीवर ओरडत होते. 'तुम्ही लोक पैसे फेकता म्हणून यांची ही मस्ती,' असं काहीसं. 'तिथे शिकायला जागा नाही का तुम्हाला? आमच्या पोरीच्या ताटातलं उचलायला इथे यायला हवं?' आई 'अहो, अहो' करत होती. सायली ओट्याला टेकून उभी होती, हातात शिऱ्याची ताटली. ती उलटून बोलणारी मुलगी, मला वाटलं आता ती बाबांना सोलून काढणार. ती हळू म्हणाली, 'काका, मलाही असाच फोन झाला होता. सो एक्सायटेड टू वेलकम यू. माझे पप्पा गावात सगळ्यांना सांगत फिरले, की पोरगी हुशार आहे म्हणून इंग्लंडने बोलावून घेतली.' मग म्हणाली, 'मी पण आजपर्यंत तेच समजत होते.'

डायलिसिसनंतर माणसाच्या अंगात भांडायचं बळ नसतं, होतं नव्हतं ते बाबांनी वापरून टाकलं होतं. ते म्हणाले, 'बस गं. उभ्याने खाऊ नकोस.' सायली बसली. आम्ही चौघांनी तो शिरा खाल्ला, कारण टाकणार कसा, आणि इतका सुंदर झालेला शिरा मी पुन्हा कधी इतक्या रागाने खाल्ला नाही. रागाचा रोख कुठे ठेवायचा हे मात्र त्या टेबलावर कायमचं ठरलं. बाहेरून येणाऱ्या मुलांबद्दल कुणी माझ्यापुढे वाकडं बोललं की मी आजही त्याला तिथल्या तिथे झापते. इथल्या पोरांना दारात अडवायचं आणि बाहेरच्यांना आत घेऊन पिळायचं, ही एकाच घराची करणी.

पुढे शहाण्या माणसांनी मला समजावलं आहे. सरकारने होमची फी वर्षानुवर्षं वाढू दिली नाही, एका होम विद्यार्थ्यामागे विद्यापीठाला तोटा होतो, बाहेरच्यांच्या पैशांवरच तर तुमचे दिवे लागतात. मला हिशोब कळतो. मी दुकान चालवलंय. पण हे तोंडावर सांगा ना. मला फोनवर सांगा, पोरी, जागा आहेत, पण तू आम्हाला परवडत नाहीस. फुल म्हणू नका. बाबांच्या भाषेत सांगायचं तर रिकामी बस घेऊन स्टॉपवरून पुढे जाताना 'फुल' अशी पाटी लावू नका. ड्रायव्हरने असं केलं तर त्याची नोकरी जाते.

मी एक वर्ष केमिस्टकडे काम केलं, बायोलॉजीची परीक्षा पुन्हा दिली, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेले, रोज ट्रेनने लांबचा प्रवास करून. शिकले, फार्मसिस्ट झाले. कुणी म्हणेल, मग झालं की, एका वर्षाने काय बिघडलं. त्या कुणाला मी सांगते काय बिघडलं. माझं नाव फार्मसिस्टांच्या रजिस्टरवर लागलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबा गेले. वर्षभर आधी लागलं असतं तर त्यांनी ते बघितलं असतं. मेडनहेडला मी लागले त्या औषधांच्या दुकानाच्या दारावर माझ्या नावाची छोटी पाटी लागली तेव्हा आई एकटीच आली, पाटीवर बोट फिरवलं, आणि मागे वळून बघितलं, बाबा गाडी पार्क करून येतायत असं. मग आम्ही दोघी आत गेलो. या एका वर्षासाठी मी कुणाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या वर्षी ऑक्टोबर लागला होता, कॉलेजं सुरू झाली होती, सायली लेक्चरला गेली होती. डायलिसिसचा दिवस नव्हता, म्हणून बाबा पुढच्या खोलीत रग पांघरून पडले होते आणि मी त्यांचा गोळ्यांचा डबा भरत बसले होते. आईचा फोन वाजला. तिने हात पुसून तो उचलला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला, तिला कानाला लावून नीट ऐकू येत नसे. एक नवाच आवाज, अगदी मधाळ. आम्ही विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधून बोलतोय. निकालाच्या सकाळची ती ओव्हरसीजची नोंद कुठेतरी त्यांच्याकडे तशीच राहिली होती. मुक्ता अजून विचार करतेय का? टर्म सुरू झालीय, पण व्हिसाला उशीर झाला असेल तर आम्ही समजू शकतो, या महिन्यात कधीही येऊन जॉइन होता येईल.

आई उभीच होती. तिने मला हाताने गप्प बसायची खूण केली.

'फार्मसी?' तिने विचारलं. 'धिस इयर?'

येस, धिस इयर.

'इज देअर प्लेस?'

ओह येस, तो आवाज म्हणाला, वी स्टिल हॅव प्लेसेस.

आईने ते ऐकलं. तिचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. मला वाटलं ती आता त्यांना बोलणार, मी तर उठून उभी राहिले होते, हातातल्या गोळ्या टेबलावर सांडल्या. पण आई त्याला डिअर म्हणाली नाही, थँक यू म्हणाली नाही. तिने फोन बंद केला, पालथा ठेवला, आणि त्यावर तळहात दाबून उभी राहिली.

पुढच्या खोलीतून बाबांनी विचारलं, 'कोण होतं गं?'

'युनिव्हर्सिटी.'

'काय म्हणतात?'

आई म्हणाली, 'जागा आहे म्हणतात.'